निशाणी आणि निशाणीचा निर्माता

सर्व स्तुती त्या अल्लाहची, ज्याने मानवाला लेखणीद्वारे ज्ञान शिकविले, आकाश व पृथ्वी आपल्या निशाण्यांनी भरून टाकली आणि त्या वाचण्याकरिता मानवाला बुद्धी बहाल केली. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित आदरणीय मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि त्यांच्या सर्व सहाबांवर.



चित्रे आणि चिन्हे यांचा प्रश्न पालघर जिल्ह्यात राहणाऱ्या मुस्लिम कुटुंबापुढे ग्रंथातून येत नाही, तो भिंतीवरून येतो. माकुणसारसारख्या गावातून पालघरला किंवा बोईसरला कामाकरिता जाणाऱ्या माणसाला वाटेत ठिकठिकाणी तांबड्या गेरूवर पांढऱ्या रेषांनी काढलेली माणसे दिसतात. शाळेच्या भिंतीवर, कार्यालयाच्या कुंपणावर, कापडी पिशवीवर, शेजाऱ्याच्या लग्नपत्रिकेवरही तीच. ही वारली चित्रे आता या जिल्ह्याची ओळख झाली आहेत. आपण ती दररोज पाहतो, परंतु ती काय सांगतात हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

एखाद्या दिवशी मूल शाळेतून येते आणि विचारते, "अब्बा, बाईंनी वारली चित्र काढून आणायला सांगितलं आहे. काढू का?" या लहानशा प्रश्नापुढे दोन प्रकारचे पालक आढळतात. एक पालक रागाने कागद फाडतो आणि "हे आपलं नाही" एवढे बोलून विषय संपवितो. दुसरा म्हणतो, "नुसती नक्षी आहे, काढ काय हवं ते." पहिल्याने मुलाला भय दिले, ज्ञान दिले नाही. दुसऱ्याने सवलत दिली, पण ज्ञान त्यानेही दिले नाही. चित्र वाचण्याचा प्रयत्न दोघांपैकी कोणीही केला नाही. ईमान राखणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, कारण ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्यामागे लागू नये, कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांबाबत जाब विचारला जाणार आहे, असा इशारा कुरआनने सूरह बनी इस्राईलमध्ये दिला आहे. म्हणून आज आपण भिंतीवरील या खुणांपासूनच प्रारंभ करू.

भिंतीवर काय आहे?

वारली चित्राची सामग्री अतिशय साधी असते. कुडाची, शेणामातीने सारवलेली भिंत, तिच्यावर गेरूचा हात, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. आकारही मोजकेच आहेत. वर्तुळ सूर्यचंद्रावरून आले, त्रिकोण डोंगरावरून व निमुळत्या झाडावरून आला आणि चौकोन हा माणसाने आखलेल्या पवित्र जागेचा आकार मानला जातो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचे धड होते. त्याला वर्तुळाचे डोके आणि रेषांचे हातपाय जोडले की तो नांगर धरतो, भात लावतो, जाळे टाकतो, तारप्याच्या सुरावर फेर धरून नाचतो.

परंतु या कलेचे मूळ सजावटीत नाही. लग्नाच्या वेळी वारली घरात सुवासिनी भिंतीवर चौक काढतात. त्या चौकात पालघाट देवी असते. ती वनस्पतीची, सुफलतेची देवी मानली जाते आणि चौकाशिवाय लग्नविधी पुरा होत नाही. म्हणजे आपण ज्याला सरसकट 'वारली डिझाइन' म्हणतो, त्यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक, उपासनेचा चौक. आणि दुसरी, शेत, झाड, पाखरे, नाच व बाजार यांचे दैनंदिन जीवनचित्र. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी यांनी या वस्तीत कागद व रंग पोहोचविले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला विधीच्या चौकटीबाहेर आणून कागदावर व कापडावर रुजविली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या हातून ही रेषा जगाच्या कलादालनांत पोहोचली. पण रेषा दूर गेली म्हणजे तिचा अर्थही सोबत गेला असे नाही. चौक काढणाऱ्या स्त्रीकरिता जी प्रार्थना आहे, ती चहाच्या कपावर आली की विकत घेणाऱ्याकरिता निव्वळ शोभा होते.

खूण एकच, अर्थ अनेक

यावरून पहिला बोध मिळतो तो असा की खुणेला स्वतःचा अर्थ नसतो. माणसे तिला अर्थ देतात, पिढ्यान्‌पिढ्या तो शिकवितात आणि कधीकधी हिरावूनही घेतात.

स्वस्तिक पाहा. आपल्या हिंदू, जैन व बौद्ध शेजाऱ्यांकरिता ते शतकानुशतके मंगलाचे चिन्ह आहे. १९२० साली जर्मनीत हिटलरच्या पक्षाने त्याच धाटणीची आकृती आपल्या झेंड्यावर घेतली आणि आज युरोपात ती आकृती दिसताच लोकांना लक्षावधी निरपराधांची हत्या आठवते. वाकडी रेषा तीच, पण एका घराच्या उंबऱ्यावर ती शुभेच्छा आहे आणि दुसऱ्या देशात ती गुन्ह्याची आठवण.

सहा टोकांचा तारा पाहा. १९४८ पासून तो इस्राईलच्या राष्ट्रध्वजावर आहे, म्हणून आपले अनेक तरुण तो दिसताच अस्वस्थ होतात. परंतु दिल्लीतील हुमायूनच्या मकबऱ्यावर हाच तारा सोळाव्या शतकात मुस्लिम राजवटीतील कारागिरांनी दगडात बसविला. त्यांच्या मनात आजचे कोणतेही राज्य नव्हते. त्यांना त्यात भूमितीचे सौंदर्य दिसत होते.

आता आपला चंद्रकोरीचा आकार पाहा. पुष्कळांना वाटते की चंद्रकोर व तारा हे इस्लामने दिलेले चिन्ह आहे. वस्तुस्थिती तशी नाही. इस्लामपूर्व इराणच्या सासानी नाण्यांवर चंद्रकोर होती. पुढे उस्मानी तुर्कांच्या झेंड्यावर ती आली आणि त्यांच्या साम्राज्याच्या प्रभावामुळे अनेक देशांत मुसलमानांची खूण म्हणून रूढ झाली. आदरणीय पैगंबरांनी (स.) कोणत्याही आकृतीला इस्लामचे चिन्ह म्हणून नेमले नाही. नव्या चंद्राविषयी लोकांनी विचारले तेव्हा कुरआनने सूरह बकरामध्ये एवढेच सांगितले की तो लोकांकरिता कालगणनेचे व हजचे साधन आहे. चंद्र पाहून आपण रोजा धरतो आणि चंद्र पाहून ईद करतो, पण चंद्राकरिता आपण काहीच करीत नाही.

'आयत' या शब्दाचा अर्थ

येथे दुसरा आणि अधिक खोल बोध आहे. कुरआनच्या वचनाला आपण 'आयत' म्हणतो. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ निशाणी, खूण असा आहे. आणि कुरआन हाच शब्द रात्र व दिवस, पाऊस, समुद्रातील नौका, माणसांच्या भाषा व रंग यांतील विविधता यांच्याकरिताही वापरतो. म्हणजे अल्लाहच्या आयती दोन ठिकाणी आहेत, ग्रंथाच्या पानांत आणि सृष्टीच्या पसाऱ्यात. माकुणसारच्या खाडीला दिवसातून दोनदा येणारी भरतीही आयत आहे आणि भाताच्या लोंबीत भरणारा दाणाही आयत आहे.

निशाणीचे काम कोणते? आपल्या पलीकडे बोट दाखविणे. मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गावर मनोरजवळ एखादा प्रवासी अंतर दाखविणाऱ्या दगडापाशी थांबला आणि त्यावर 'अहमदाबाद' असे लिहिले आहे म्हणून "मी पोहोचलो" असे समजून तेथेच बिछाना पसरू लागला, तर आपण त्याला काय म्हणू? दगड खोटा नाही, अक्षरेही खरी आहेत. चूक एवढीच की ज्याने पुढे धाडावे, त्यालाच त्याने मुक्काम मानले. तौहीद आणि शिर्क यांतील अंतर या उदाहरणावरून समजते. शिर्क म्हणजे निशाणीपाशीच थांबणे आणि तौहीद म्हणजे निशाणीवरून तिच्या निर्मात्यापर्यंत जाणे.

हजरत इब्राहीम (अ.) यांचा वृत्तान्त सूरह अनआममध्ये आला आहे. त्यांनी रात्री तारा पाहिला, मग चंद्र आणि दिवसा सूर्य. त्यांच्या समाजाने याच तेजोगोलांना आराध्य ठरविले होते. प्रत्येक जण मावळताना दाखवून इब्राहीम (अ.) यांनी समाजापुढे सत्य ठेवले की जो मावळतो तो पालनकर्ता होऊ शकत नाही, आणि आपले मुख त्याच्याकडे वळविले ज्याने आकाश व पृथ्वी निर्माण केली. त्यांनी सूर्याचा द्वेष केला नाही आणि चंद्राला शिव्याही दिल्या नाहीत. त्यांनी सूर्य व चंद्र वाचले आणि पुढे गेले. सूरह हा-मीम सज्दामध्येही हाच आदेश आहे की रात्र, दिवस, सूर्य व चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, म्हणून सज्दा निशाण्यांना नको, त्यांच्या निर्मात्याला करा.

वारली भिंतीवरील वर्तुळ सूर्यचंद्रावरून आले आहे, हे येथे आठवा. जंगलात व शेतात राबणाऱ्या या लोकांनी सृष्टीतील निशाणी ओळखली आणि तिच्यापुढे कृतज्ञतेने मान झुकविली. ही जाणीव हसण्यासारखी नाही. विजेच्या दिव्याखाली सूर्योदय झोपेत घालविणारा, फजरची नमाज चुकविणारा आणि तरीही स्वतःला तौहीदवादी म्हणविणारा माणूस त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने मोठेपणा मिरविणार? निशाणी न पाहणारा आणि निशाणीपाशी थांबणारा, दोघेही तिच्या निर्मात्यापर्यंत पोहोचत नाहीत.

स्मरणापासून पूजेपर्यंत

मग इस्लामने चित्राविषयी इतकी सावधगिरी का बाळगली? याचे उत्तर हजरत नूह (अ.) यांच्या समाजाच्या इतिहासात आहे. सूरह नूहमध्ये वद्द, सुवाअ, यगूस, यऊक आणि नस्र अशी पाच नावे आली आहेत. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या स्पष्टीकरणानुसार ती त्या समाजातील सदाचारी माणसांची नावे होती. त्यांच्या निधनानंतर लोकांनी त्यांच्या बैठकीच्या जागी त्यांच्या नावाची स्मारके उभारली. हेतू चांगला होता, सत्पुरुषांची आठवण राहावी एवढाच. ती पिढी स्मारकांची पूजा करीत नव्हती. ती पिढी गेली, ज्ञान लोपले आणि पुढच्या पिढीने त्याच स्मारकांना पूजण्यास प्रारंभ केला.

बंधू-भगिनींनो, या वृत्तान्तातील धोका कोठे आहे हे नीट पाहा. दगड बदलला नव्हता, बदलले होते ते ज्ञान. आकृती टिकली आणि तिचा अर्थ हरवला. चिन्ह नेहमी त्याच्या स्पष्टीकरणापेक्षा अधिक काळ जगते. म्हणूनच आदरणीय पैगंबरांनी (स.) मक्काविजयाच्या दिवशी, हिजरी सन ८ मध्ये, काबागृहाच्या सभोवतालच्या ३६० मूर्ती हटविल्या आणि इब्राहीम (अ.) यांनी एकमेव अल्लाहकरिता उभारलेले ते घर पुन्हा एकमेव अल्लाहकरिता मोकळे केले. म्हणूनच हजरत आयेशा (रजि.) यांनी घरात लावलेला चित्रांचा पडदा त्यांना आवडला नाही. तो उतरविण्यात आला आणि त्याच कापडाच्या उश्या करण्यात आल्या. कापड वाया गेले नाही. सन्मानाने वर टांगलेली वस्तू वापरात आली आणि नमाज पढणाऱ्याची दृष्टी मोकळी झाली.

त्याच बरोबर एक चित्रकार उपजीविकेचा प्रश्न घेऊन हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला इशारा दिला आणि मार्गही दाखविला. चित्रे काढणे भागच असेल तर झाडांची आणि प्राण नसलेल्या वस्तूंची काढ, असे त्यांच्या उपदेशाचे सार आहे. मनाई करताना पर्याय देणे हा सहाबांचा शिरस्ता होता.

या मर्यादेने मुसलमानांची कला गुदमरली काय? इतिहास वेगळे सांगतो. खलीफा अब्दुल मलिक यांच्या काळात, हिजरी ७७ मध्ये, नाण्यांवरील माणसाची आकृती जाऊन तेथे केवळ अक्षरे आली. त्याच काळात जेरुसलेममध्ये उभारलेल्या कुब्बतुस्सख्राच्या भिंतींवर वृक्षवेली व अक्षरे आहेत, सजीवाचे चित्र नाही. आपल्या सीमेलगतच्या विजापुरात इब्राहीम रौजा पाहा. तेथील खिडक्यांच्या दगडी जाळ्यांत अक्षरे कोरली आहेत, त्यांतून प्रकाश आत येतो. खुद्द कुरआन दृष्टान्तांनी सजलेला आहे. सूरह नूरमध्ये कोनाडा, दिवा, काच आणि जैतूनचे तेल यांचा दृष्टान्त आला आहे. इस्लामने कल्पनाशक्तीवर बंदी घातली नाही. त्याने उपासनेच्या वाटेवर कोणतीही आकृती आडवी येऊ नये एवढी दक्षता घेतली.

आपल्या घरातील भिंत

आता दृष्टी शेजाऱ्याच्या भिंतीवरून आपल्या भिंतीवर आणू या, कारण हिशेब प्रथम आपला होणार आहे.

आपल्या घरात काबागृहाचे चित्र असते, दुकानात आयतुल कुर्सीची सोनेरी चौकट असते, रिक्षाच्या काचेवर ७८६ हा आकडा असतो. हा आकडा बिस्मिल्लाहच्या अक्षरांच्या अब्जद मूल्यांची बेरीज म्हणून आपल्या देशात रूढ झाला. पैगंबरांच्या (स.) शिकवणीत त्याला आधार नाही. त्यांनी आपल्याला बिस्मिल्लाह उच्चारण्यास शिकविले, आकडा चिकटविण्यास नव्हे. ज्या दुकानात आयतीच्या चौकटीखाली माप कमी दिले जाते, तेथे ती चौकट दुकानदाराविरुद्ध साक्ष होईल की त्याचे संरक्षण करील? वचन वाचले नाही, समजून घेतले नाही, त्यावर आचरण केले नाही आणि केवळ टांगल्याने बरकत होईल असे मानले, तर आपणही मैलाच्या दगडापाशी बिछाना पसरलेल्या त्या प्रवाशाहून निराळे नाही.

हजरत उमर (रजि.) यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. हज्रे अस्वदचे चुंबन घेताना त्यांनी सर्वांना ऐकू जाईल अशा प्रकारे स्पष्ट केले की तू एक दगड आहेस, तुझ्या हाती नफा नाही आणि नुकसानही नाही, मी केवळ पैगंबरांचे (स.) अनुकरण करीत आहे. जगातील सर्वांत आदरणीय दगडापुढेसुद्धा त्यांनी अर्थ हरवू दिला नाही. कृती केली आणि तिचे स्पष्टीकरणही पुढच्या पिढीच्या हाती दिले. काबागृहाकडे तोंड करून नमाज पढताना आपण भिंतींची उपासना करीत नाही, हे आपल्या मुलांना आपण कधी समजावून सांगितले आहे काय? न सांगता सोपविलेली खूण किती धोक्याची असते, हे नूह (अ.) यांच्या समाजाने दाखवून दिले आहे.

शेजाऱ्याच्या भिंतीपुढे

राहिला प्रश्न वारली बांधवांशी वागण्याचा. कुरआनने सूरह अनआममध्ये ताकीद दिली आहे की लोक अल्लाहशिवाय ज्यांचा धावा करतात त्यांना अपशब्द बोलू नका. म्हणून कोणाच्या चौकाची, कोणाच्या देवतेची टिंगल आपल्या तोंडी येता कामा नये. मुलांच्याही नाही, विनोदातही नाही. तौहीदचा संदेश द्यायचा तर तो सभ्यतेने, शहाणपणाने आणि प्रथम आपल्या आचरणातून द्यावा.

दुसरे कर्तव्य न्यायाचे आहे. आपल्यापैकी जे व्यापारी या कलेच्या वस्तू विकतात त्यांनी काढणाऱ्या हाताला पुरा मोबदला द्यावा आणि तो घाम वाळण्यापूर्वी द्यावा, ही पैगंबरांची (स.) शिकवण आहे. यंत्रावर छापलेली नक्कल हाताची म्हणून विकणे ही फसवणूक आहे. आणि ज्या आकृतीचा अर्थ समोरच्याकरिता उपासनेचा आहे, तिला पायपुसण्यावर छापणे हे त्याचे मन दुखविणे आहे. आपल्या पवित्र नावाबाबत कोणी असे केले तर आपल्याला काय वाटेल, एवढा विचार पुरे आहे.

आणि त्या मुलाला काय सांगावे? त्याला जवळ बसवून सांगावे की बाळा, या चित्रात दोन गोष्टी आहेत. चौक ही त्यांच्या उपासनेची जागा आहे. आपण फक्त अल्लाहची उपासना करतो, म्हणून तो आपण काढायचा नाही आणि त्याला हसायचेही नाही. पण डोंगर, ताडाची झाडे, भाताचे शेत, झोपडी, होडी, सूर्य ही अल्लाहची सृष्टी आहे, ती मनापासून काढ. माणसांच्या आकृतींबाबत, ज्यांत नाकडोळे नसतात, उलेमांमध्ये मतभेद आहेत. सजीवांच्या चित्राबाबत बहुसंख्य विद्वानांची भूमिका कडक आहे, तर चेहरा नसलेल्या आकृतीत काहींनी सवलत दिली आहे. म्हणून आपल्या विश्वासातील आलिमला विचारून निर्णय घ्यावा आणि तोवर सावधगिरी बरी. बाईंना आदराने ही अडचण सांगितली तर त्या समजून घेतील. नुसत्या शेताचे आणि झाडांचे वारली चित्रही सुंदर होते.

अशा रीतीने सांगितले तर मूल तीन गोष्टी शिकेल. त्याची श्रद्धा कोणती आहे, शेजाऱ्याची श्रद्धा कोणती आहे आणि मतभेद असूनही आदर कसा राखावा. कागद फाडणाऱ्या पालकाकडून आणि दुर्लक्ष करणाऱ्या पालकाकडून या तिन्ही गोष्टी निसटतात.

अल्लाहने आपल्याला निरनिराळ्या समूहांत व कबिल्यांत अशासाठी निर्माण केले की आपण एकमेकांना ओळखावे, आणि त्याच्यापाशी अधिक प्रतिष्ठित तोच जो अधिक ईशपरायण आहे, अशी सूरह हुजुरातची शिकवण आहे. ओळखणे म्हणजे त्यांच्यात विरून जाणे नव्हे, तोंड फिरविणेही नव्हे. खुणा वाचता येणे ही ओळखीची पहिली पायरी आहे.

हे अल्लाह! आम्हाला तुझ्या आयती पाहण्याची दृष्टी दे, त्या ग्रंथातल्या असोत की आमच्या शेतांतल्या व खाडीतल्या. कोणत्याही निशाणीपाशी आमची पावले थांबू देऊ नकोस. आमच्या मुलांच्या हाती रिकाम्या खुणा नव्हे, त्यांचा अर्थ सोपविण्याची आम्हाला तौफिक दे. आमच्या शेजाऱ्यांशी न्यायाने व सौजन्याने वागण्याची बुद्धी दे. आमीन.